शाळा चांगली की वाईट, हे आपण कशावरून ठरवतो?

जून जवळ आला की परभणीतल्या घराघरात एकच चर्चा सुरू होते. पाचवी झाली, आता पोराला कुठं घालायचं? सातवी झाली, आता पोरीचं पुढं काय? अब्बा म्हणतात, इंग्लिश मीडियमला टाकू, रिक्षाच्या दोन फेऱ्या जास्त मारीन. अम्मी म्हणते, शाळा घराजवळ पाहिजे, पोरगी एकटी कशी जाईल? मामू म्हणतात, जिल्हा परिषदेच्या शाळेत काय शिकवतात, नुसती खिचडी वाटतात. नाना म्हणतात, काहीही करा, पण आपली उर्दू शाळा सोडू नका. या सगळ्यात एक जण बहुतेक वेळा गप्प बसलेला असतो. घरातला कॉलेजला जाणारा मोठा भाऊ, किंवा मोठी बहीण. म्हणजे तुम्ही. खरं तर शाळा अलीकडेच आतून पाहिलेली, फॉर्म भरता येणारी, सरकारी संकेतस्थळ उघडून माहिती काढू शकणारी व्यक्ती त्या घरात तुम्हीच असता. म्हणून हे संपादकीय तुमच्यासाठी आहे.

आपल्याकडे शाळा पारखण्याची मापं ठरलेली आहेत. इमारत रंगवलेली आहे का? टाय-बूट आहे का? नावात ‘इंग्लिश स्कूल’ किंवा ‘इंटरनॅशनल’ आहे का? फी किती? फी जास्त असेल तर शिक्षणही चांगलं असणार, असं आपण धरून चालतो. आणि शेवटचं माप म्हणजे तिथं कुणाची मुलं जातात. डॉक्टरांची, वकिलांची मुलं जात असतील तर शाळा चांगली. हमालाची, रिक्षावाल्याची, ऊसतोड मजुराची मुलं जात असतील तर शाळा वाईट. यातलं एकही माप वर्गात काय शिकवलं जातं हे सांगत नाही. ते फक्त तिथं शिकणाऱ्यांच्या घरी पैसा किती आहे हे सांगतं.

‘जिल्हा परिषदेची शाळा’ या शब्दांवरूनही काही ठरत नाही. २०२० साली ग्लोबल टीचर प्राइज मिळवणारे रणजितसिंह डिसले सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात, परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवत होते. याच जिल्हा परिषदांच्या शाळांमध्ये सातवीतलं मूल धड वाचू शकत नाही अशाही शाळा आहेत. आणि महागड्या खाजगी शाळांमध्ये, इंग्रजी कविता पाठ म्हणणाऱ्या पण तिचा अर्थ विचारला की खाली बघणाऱ्या मुलांची कमी नाही. पाटीवरून शाळा कळत नाही. ती तपासावी लागते.

सहावी ते आठवी या तीन वर्षांबद्दल आम्ही मुद्दाम बोलतो आहोत, कारण आपल्या समाजातली मुलं सर्वात जास्त इथंच निसटतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. सच्चर समितीने २००६ साली सांगितलं होतं की ६ ते १४ वयोगटातल्या मुस्लिम मुलांपैकी २५ टक्के मुलं एकतर शाळेत गेलेलीच नव्हती किंवा त्यांनी शाळा सोडलेली होती. तेव्हा शिक्षण हक्क कायदाही नव्हता. आता नाव घातलेलं नाही असं मूल शोधून काढावं लागतं, ही जमेची बाजू आहे. पण नाव पटावर असणं आणि मूल शिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय २०२० चा जून आठवा. त्या जूनमध्ये पहिलीत नाव घातलेल्या मुलाने वर्ग पाहिलाच नाही. अक्षरओळख मोबाइलवर झाली, घरात मोबाइल नसेल तर तीही नाही. तेच मूल २०२५ च्या जूनमध्ये सहावीत आलं. त्याचा पाया कुणी भरून घेतला का, हा आज प्रत्येक शाळेला विचारण्याचा प्रश्न आहे.

आणखी एक बदल झाला आहे. पूर्वी आठवीपर्यंत कुणाला मागं ठेवत नसत. केंद्राने २०१९ साली कायद्यात दुरुस्ती केली आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली. नापास झालेल्या मुलाला पुन्हा एक संधी मिळते; तीही हुकली तर ते त्याच वर्गात राहतं. म्हणजे सहावी-सातवीत शाळेने केलेल्या हलगर्जीपणाची शिक्षा आठवीतल्या मुलाला होणार. ते मूल मुलगी असेल आणि घरात आधीच ‘पोरगी मोठी झाली’ अशी कुजबुज सुरू असेल, तर त्या एका नापाशीवर तिची शाळा कायमची संपू शकते.

मग शाळा तपासायची कशी?

पहिली गोष्ट, मुलांना वाचता येतं का ते स्वतः पाहा. देशभर चालणारी ‘असर’ची पाहणी २००५ पासून हेच साधं काम करते: मुलापुढं एक उतारा ठेवायचा आणि एक भागाकार द्यायचा. पण ‘असर’ ग्रामीण भागापुरती असते. परभणी शहरातल्या तुमच्या मोहल्ल्याबद्दल ती काही सांगत नाही, आणि जिंतूर किंवा पाथरीतल्या एका विशिष्ट शाळेबद्दलही सांगत नाही. सरकारचं ‘परख’ सर्वेक्षण तिसरी, सहावी आणि नववीचं असतं, पण तेही नमुना पद्धतीने. तुमच्या शाळेचं उत्तर तुम्हालाच काढावं लागेल. चौथीचं बालभारतीचं पुस्तक घ्या. एकाच शाळेतल्या सहावी-सातवीच्या दहा-पंधरा मुलांना संध्याकाळी गल्लीत, हसतखेळत, एकेक परिच्छेद वाचायला सांगा आणि काय वाचलं ते स्वतःच्या शब्दांत सांगायला लावा. मग ८५६ भागिले ४ करायला द्या. मूल अडखळलं तर त्याला हसू नका, इतरांसमोर त्याचं नाव घेऊ नका. एका मुलावरून शाळेचं मापही काढू नका. पंधरातली आठ मुलं अडखळत असतील तर मात्र दोष मुलांचा नाही. आणि हेही विचारून घ्या की कितीजण शिकवणीला जातात. वाचता येणारी सगळी मुलं शिकवणीची असतील, तर ती गुणवत्ता शिकवणीची आहे, शाळेची नव्हे. सरकारी आणि अनुदानित शाळेतल्या शिक्षकासह कोणत्याही शाळेच्या शिक्षकाला खाजगी शिकवणी घेण्यास कायद्याने मनाई आहे, हेही ध्यानात ठेवा.

दुसरी गोष्ट, शिक्षक किती आणि कोणत्या विषयाचे? इथं कायदा अगदी स्पष्ट आहे. सहावी ते आठवीसाठी दर ३५ मुलांमागे किमान एक शिक्षक हवा. प्रत्येक वर्गाला किमान एक शिक्षक हवा, आणि त्यांत विज्ञान-गणिताला एक, समाजशास्त्राला एक आणि भाषांना एक असे तीन तरी असले पाहिजेत. मुलं १००च्या वर असतील तर पूर्णवेळ मुख्याध्यापक, आणि कला, आरोग्य-क्रीडा, कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक. आता तुमच्या शाळेत विज्ञान कोण शिकवतं ते विचारा. बऱ्याचदा उत्तर येतं, ‘उर्दूचे सरच घेतात’ किंवा ‘जागा रिकामी आहे’. रिकाम्या जागेबद्दल समोरच्या सरांवर राग काढण्यात अर्थ नाही. ती भरणं त्यांच्या हातात नसतं. पण ती किती वर्षं रिकामी आहे हे लिहून ठेवणं तुमच्या हातात आहे.

तिसरी गोष्ट, शाळा भरते किती? सहावी ते आठवीसाठी वर्षाला २२० दिवस आणि १००० तास शिकवणं बंधनकारक आहे. म्हणजे रोजचे साधारण साडेचार तास, खरोखर शिकवण्याचे. शाळा किती वाजता भरते आणि किती वाजता सुटते यापेक्षा, तास किती होतात हे मुलांना विचारा. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून इतर कामं शिक्षकांना लावता येत नाहीत, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात माहिती भरण्यात आणि मीटिंगमध्ये त्यांचे किती दिवस जातात, हे शिक्षकांनाही मोकळेपणाने बोलायला आवडेल. ते ऐकून घ्या.

चौथी गोष्ट, मुलींचं स्वच्छतागृह. मुला-मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं आणि पिण्याचं सुरक्षित पाणी ही कायद्याने घातलेली अट आहे, त्यामुळे कागदावर ती बहुतेक शाळांत असतात. कागद बाजूला ठेवा. दाराला आतून कडी आहे का? नळाला पाणी येतं का? चावी कुणाकडे असते? हे मुख्याध्यापकांना नव्हे, सातवीतल्या मुलींना विचारा, आणि विचारणारी बहीण असू दे. परभणीत एप्रिल-मेचं ऊन आणि टँकरचं पाणी काय असतं हे आपल्याला माहीत आहे. दिवसभर पाणीच न पिता शाळेत बसणारी मुलगी दुपारनंतर काय शिकत असेल?

पाचवी गोष्ट, शाळा संपते कुठं? हा प्रश्न आपण जवळजवळ कधीच विचारत नाही. कायद्यात प्राथमिक म्हणजे पहिली ते पाचवी आणि उच्च प्राथमिक म्हणजे सहावी ते आठवी. पण महाराष्ट्रात जुनी रचना चौथी, सातवी, दहावी अशी होती आणि आजही अनेक शाळा चौथीला किंवा सातवीला संपतात. सातवीला शाळा संपली की दाखला हातात मिळतो आणि दाखला हातात आला की घरात नवा विचार सुरू होतो. राज्याचे नियम म्हणतात की सहावी ते आठवीची शाळा घरापासून तीन किलोमीटरच्या आत असावी. तेव्हा शाळेला विचारा: गेल्या तीन वर्षांत तुमच्याकडून सातवी किंवा आठवी झालेली मुलं आज कुठं आहेत? किती मुली नववीत गेल्या? ज्या शाळेच्या मुख्याध्यापकांना हे तोंडपाठ आहे, ती शाळा चांगली आहे, तिच्या भिंतींचा रंग उडालेला असला तरी.

इथंच दहावीच्या निकालाच्या टक्केवारीचा भ्रमही फुटतो. समजा एका शाळेत सहावीला ६० मुलं होती. दहावीच्या परीक्षेला ३० बसली आणि २८ पास झाली. फलकावर ९३ टक्के निकाल झळकतो. पण साठातली अठ्ठावीस म्हणजे निम्मीसुद्धा नाहीत. मधली तीस मुलं गॅरेजमध्ये, हातगाडीवर, पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत किंवा सासरी गेली. निकालाच्या हिशोबात ती नाहीतच.

सहावी गोष्ट, शाळा सर्वात मागं पडलेल्या मुलाशी कशी वागते? मारणं आणि मानसिक छळ या दोन्हींना कायद्याने बंदी आहे. पण अपमान मारण्याशिवायही करता येतो. मराठी शाळेत दखनी वळणाने बोलणाऱ्या मुलाच्या मराठीला सगळा वर्ग हसतो, तेव्हा सर काय करतात? आपल्याकडच्या शाळेत पिंजारी, छप्परबंद, फकीर घरातल्या मुलाला ‘तुमच्याकडं शिकतं कोण’ असं ऐकवलं जातं का? शेजारच्या बौद्ध वस्तीतली मुलं आपल्या उर्दू शाळेच्या मैदानात खेळायला आली तर काय होतं? दुसऱ्यांच्या शाळेला जो प्रश्न आपण विचारतो, तो आपल्या शाळेलाही विचारला पाहिजे.

माध्यमाचा प्रश्न आम्ही टाळणार नाही, कारण परभणीत तो टाळता येत नाही. हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेलं उस्मानिया विद्यापीठ तर उर्दूतूनच शिकवायचं. त्या काळी शेतकऱ्याच्या मराठी बोलणाऱ्या पोराला पुढं शिकायचं तर परक्या भाषेतून शिकावं लागे. १९४८ नंतर, आणि पुढं महाराष्ट्र झाल्यावर, फासा उलटा पडला. उर्दूत शिकलेली आपली मागची पिढी कचेरीत अनोळखी झाली. दोन्ही वेळा नुकसान कुणाचं झालं? ज्याच्याकडं एकच भाषा होती त्याचं. यातून आम्ही इतकंच घेतो की माध्यम उर्दू असो की मराठी, शाळेने मुलाला दोन भाषांत नीट उभं केलं पाहिजे. उर्दू शाळा पारखताना तिथला मराठीचा तास आधी पाहा. पोलीस भरती, तलाठी भरती, एमपीएससी, बँकेचा अर्ज, दवाखान्यातला केसपेपर, सगळीकडे मराठी लागणार आहे. आणि मराठी शाळा पारखताना पाहा की मुलाच्या घरच्या भाषेचा तिथं मान राहतो की नाही. ‘उर्दू शाळा आहे म्हणून चांगली’ हेही खरं नाही आणि ‘उर्दू शाळा आहे म्हणून मागास’ हेही खरं नाही.

आता न्यायाची एक गोष्ट. दोन शाळांची तुलना करताना दोघींकडे आलेली मुलं सारखी नसतात. एका शाळेत येणाऱ्या मुलाची आई शिकलेली, घरात टेबल-खुर्ची, संध्याकाळी शिकवणी. दुसऱ्या शाळेतलं मूल गंगाखेड-पालमकडून ऊसतोडीला गेलेल्या आईबापाबरोबर चार-पाच महिने फडावर असतं, किंवा शाळा सुटल्यावर दुकानात बसतं. पहिल्या शाळेची मुलं पुढं दिसली यात शाळेचं श्रेय किती? दुसऱ्या शाळेने अक्षर न वाचणाऱ्या मुलाला दोन वर्षांत परिच्छेदापर्यंत आणलं असेल, तर तिने जास्त काम केलं आहे. म्हणून मूल आलं तेव्हा कुठं होतं आणि आज कुठं आहे, या दोन्हींमधलं अंतर मोजा.

पण न्यायाच्या नावाखाली दयाही नको. ‘गरिबांची शाळा आहे, एवढं तर चालायचंच’ हे वाक्य आम्हाला सर्वात धोक्याचं वाटतं. ते शाळेविषयीच्या प्रेमातून येतं, पण ते आपल्याच मुलांना कमी लेखतं. तसंच ‘आपली शाळा आहे, चारचौघांत नाव खराब होईल’ म्हणून गप्प बसणंही. शाळेचं नाव वाचवायचं की मुलीचं वर्ष, असा प्रश्न आला तर उत्तर एकच असायला हवं.

आणि शाळा वाईट निघाली तर? सोपा मार्ग सगळ्यांना माहीत आहे: दाखला काढायचा आणि दुसरीकडे जायचं. ज्या घराला जमतं त्याने आपल्या मुलाचं हित पाहिलं, तर त्याला आम्ही दोष देणार नाही. पण त्याचा पुढचा परिणाम समजून घ्या. शाळेतल्या शिक्षकांची पदं दरवर्षी संचमान्यतेत पटसंख्येवरून ठरतात. पट घसरला की पद जातं. पद गेलं की उरलेल्या मुलांचा एक विषय बुडतो. मग आणखी घरं दाखला काढतात. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानंतर कमी पटाच्या सहावी ते आठवीच्या वर्गांचं काय होणार, यावरून राज्यभर शिक्षक आणि पालक अस्वस्थ झाले ते यामुळेच. बोलू शकणारी, लिहू शकणारी घरं आधी बाहेर पडतात आणि मागं ती घरं उरतात ज्यांचं कुणी ऐकत नाही. अल्पसंख्याक मुलांची पहिली ते आठवीची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती केंद्राने २०२२-२३ पासून बंद केली, तेव्हा त्याचा फटका याच घरांना बसला.

म्हणून दाखला काढण्याआधी एक वर्ष शाळेसाठी भांडून पाहा. भांडण्याची जागा कायद्याने दिलेली आहे. सरकारी शाळेच्या शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. अनेक ठिकाणी ही समिती रजिस्टरवर सह्या घेण्यापुरती उरली आहे, कारण सही करणाऱ्या अम्मीला तिथं काय लिहिलंय हे कुणी वाचून दाखवत नाही. ते तुम्ही वाचून दाखवू शकता. प्रत्येक शाळेला अकरा अंकी यू-डायस क्रमांक असतो. त्यावरून शिक्षक किती, वर्गखोल्या किती, स्वच्छतागृहं किती दाखवली आहेत हे कळतं. कागदावरचं आणि डोळ्यांना दिसणारं यांत फरक असेल तर तो नोंदवा. कायद्याच्या कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे जिल्हा परिषदेकडे किंवा महापालिकेकडे, लेखी तक्रार करता येते आणि तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हावा लागतो. तक्रारीची पोच घ्यायला विसरू नका.

भांडण म्हणजे नुसती तक्रारच असंही नाही. आठवीतल्या मुलांसाठी एनएमएमएस ही परीक्षा आहे. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. ती फक्त सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहे. विनाअनुदानित खाजगी शाळेतलं मूल बसू शकत नाही. कुटुंबाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. तुमच्या मोहल्ल्यातल्या शाळेतून गेल्या वर्षी किती मुलं बसली? एकही नसेल, तर पाच मुलांचे फॉर्म भरून घेणं आणि त्यांना रविवारी दोन तास बसवणं हे तुमच्यातल्या दोघांना सहज जमेल.

या जूनमध्ये एवढं करा. चार-पाच जण मिळून एकच शाळा निवडा. आधी मुख्याध्यापकांना भेटा, का आलो आहोत ते सांगा, चोरून व्हिडिओ काढू नका. वर सांगितलेल्या सहा गोष्टी एका वहीत लिहा, तारीख घाला. जे चांगलं आहे तेही लिहा, आणि ज्या शिक्षकांमुळे ते चांगलं आहे त्यांना जाऊन सांगा, कारण त्यांना ते सहसा कुणी सांगत नाही. वही समितीच्या सभेत वाचा. पुढच्या जूनमध्ये तीच वही घेऊन पुन्हा जा.

आपल्याकडे म्हणतात, ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’. काही जमलं नाही तर परभणी आहेच, असा त्याचा अर्थ. सरकारी शाळेकडे आपण नेमकं असंच पाहत आलो आहोत: कुठंच जमलं नाही तर आहेच. ज्या घरांना कुठंच जमणार नाही, त्यांच्या मुलांचं सारं शिक्षण याच शाळेत होणार आहे. त्यांच्यासाठी तरी ती वही या जूनमध्ये उघडा.